माशांची शिरगणती

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात माकणी नावाचे गाव आहे. गावाजवळ तेरणा नदी मातीच्या धरणाने अडवली आहे. सरकारी कागदांत त्याला निम्न तेरणा प्रकल्प म्हणतात. आसपासच्या माणसांच्या तोंडी ते नुसते माकणीचे धरण. पाऊसमान बरे झाले की पाणी फुगवट्याच्या टोकापर्यंत पसरते, उन्हाळ्यात मागे सरते, आणि मागे सरलेल्या पाण्याखालून निघालेल्या ओल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. पाणी आणि जमीन यांच्या सीमेवरचा हा उथळ, चिखलाचा, गवताळ पट्टा म्हणजेच पाणथळ. अशा जागी कोणी माशांची शिरगणती करावयास बसला, तर त्याच्या वहीत दोन रकाने असतात: एक देशी माशांचा, दुसरा बाहेरून आणलेल्यांचा. मासा ओळखायचा, मोजायचा आणि दोहोंपैकी एका रकान्यात टाकायचा.

काम सरळ दिसते. परंतु पाचदहा मासे नोंदून झाले की हातातली पेन्सिल थबकते. देशी म्हणजे कोठला? किती वर्षांपासूनचा? आणि देशी ठरला म्हणून त्याचा हक्क अधिक, तो का? मत्स्यशास्त्राच्या वहीत शिरलेला हा प्रश्न एकट्या मत्स्यशास्त्राने सुटणारा नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. घरात, गावात आणि देशात तो निराळ्या वेषात नेहमीच आपल्यापुढे उभा असतो. दिवाळीच्या चार निवांत दिवसांत तो उलगडून पाहण्यास हरकत नसावी.

मासे मोजणे हे गुरे मोजण्यासारखे नसते. गुरे गोठ्यात उभी असतात. मासा हाती लागेपर्यंत दिसतच नाही. शिवाय प्रत्येक जाळे आपापला मासा निवडते. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान मासा सुटून जातो. उथळ पाण्यात फेकजाळे टाकावे तर खोल पाण्यातला हाती लागत नाही. गळाला खादाड मासा लागतो, शेवाळ खाणारा लागत नाही. दगडाखाली दडणारे मुरे तर हाताने दगड उलटल्याशिवाय कळतच नाहीत. म्हणून शहाणा मोजणारा सगळे उपाय करतो. रात्री लावलेली जाळी पहाटे उचलताना तो हजर राहतो, आठवडी बाजारातल्या पाट्या पाहतो आणि एखाद्या वयोवृद्ध भोयाशेजारी बसून पूर्वी काय मिळत असे तेही विचारतो. मराठवाड्यातल्या अशा जलाशयांत पहिल्या रकान्यात मरळ येतो, वाम येते, शिंगाळा आणि शिंगटी येतात, खवलीच्या लहानमोठ्या जाती येतात. दुसऱ्या रकान्यात सायप्रिनस, गवत्या, चंदेरा, चिलापी. आणि मग रोहू हाती येतो. पहिली अडचण येथेच सुरू होते.

रोहू कोणत्या रकान्यात घालावयाचा? तो हिंदुस्थानचा मासा आहे, याबद्दल वाद नाही. पण रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गंगाही त्याच उपसागराला मिळते. आपल्याला वाटते, दोन्ही नद्या एकाच अंगणात उतरल्या. परंतु गोड्या पाण्यातल्या माशाला मधला खारा समुद्र ही अभेद्य भिंतच आहे. ती भिंत माणसाने ओलांडून दिली. पूर्वी या माशांची पिल्ले पुराच्या वेळी नदीतून धरावी लागत, कारण साठलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशांना पोषग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले, आणि मत्स्यबीज केंद्रांतून हवे तेवढे बीज मिळण्याची वाट मोकळी झाली. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून बोटुकली दूरदूरच्या धरणांवर जाऊ लागली. आज महाराष्ट्रातल्या जलाशयांत जी मासेमारी चालते, तिचा मोठा आधार ही दरवर्षी सोडलेली बोटुकलीच आहे.

तेव्हा देशाच्या नकाशावर रोहू देशी आहे आणि नदीच्या नकाशावर परका. माणसाने आखलेली सीमा आणि पाणलोटाने आखलेली सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण 'आपले' हा शब्द उच्चारतो तेव्हा मनात बहुधा पहिला नकाशा असतो. माशाला फक्त दुसरा ठाऊक असतो.

बरे, जागा सोडून काळाकडे वळू. किती वर्षे राहिले म्हणजे एखादा जीव येथला झाला? सायप्रिनस हा मासा १९३९ साली सिलोनहून निलगिरीत आणला गेला. त्याचा दुसरा वाण १९५७ साली बँकॉकहून आला. रोहूसारखे त्याचे अडून बसत नाही. साठलेल्या पाण्यातही तो आपले कुटुंब वाढवतो. माकणीचे धरण गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले. म्हणजे या देशातले त्याचे वास्तव्य ज्या पाण्यात तो मोजला जातो त्या पाण्याहूनही जुने आहे! तरी तो परक्यांच्या रकान्यात, आणि तेही योग्यच.

पण मग जरा आपल्या फराळाच्या ताटाकडे पाहा. चिवड्यातली मिरची, शेंगदाणे आणि काजू, तळलेला बटाट्याचा कीस, हे सगळे अटलांटिक महासागराच्या पलीकडून आलेले. पोर्तुगिजांच्या आगमनापूर्वी आपल्याकडे मिरची नव्हती. ज्या ज्वारीच्या भाकरीवर मराठवाडा पोसला, ती ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली असे अभ्यासक सांगतात. मिरचीला परकी म्हणणारा मराठी माणूस शोधूनही सापडणार नाही. आणि तेरणेच्या काठाला तर परक्यांची सवय फार जुनी. माकणीच्या वर, याच नदीवर तेर आहे, गोरा कुंभारांचे तेर. त्याचे प्राचीन नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगरचा उल्लेख आहे. तेथला माल गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे. तेरच्या उत्खननांत रोमन जगाशी असलेल्या या व्यापाराच्या खुणा सापडल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या नदीने परदेशी माल पाहिला, तिच्या काठी बसून 'बाहेरचे ते वाईट' असा नियम सांगणे हास्यास्पद होईल.

काळाचा दाखला चालत नाही, तर मग नावाचा चालेल काय? माणूस ज्याला आपल्या बोलीत नाव देतो तो त्याचा, असे म्हणावेसे वाटते, आणि या म्हणण्याला एक सुंदर आधार आहे. इंग्रजी अमदानीच्या आरंभी कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचे अधिकारी दख्खनच्या पाहणीच्या कामावर होते. त्यांनी दख्खनच्या माशांवर एक प्रबंध लिहिला, आणि माशांना शास्त्रीय नावे देताना येथल्या मासेमारांच्या तोंडची नावे उचलली. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव 'सिंघाला', शिंगटीचे 'सिंगटी', कोणाचे 'कोलस', कोणाचे 'नुकटा', कोणाचे 'खुदरी'. १८३९ सालापासून ही मराठी नावे लॅटिनचा पोशाख घालून जगभरच्या ग्रंथांत वावरत आहेत. ज्या भोयांनी ती सांगितली त्यांची नावे मात्र कोणी टिपली नाहीत.

परंतु याच यादीतल्या खुदरी माशाची पुढची हकिकत नावाचा आधारही ढासळून टाकते. खुदरी हा आपला महसीर. साइक्स यांनी त्याचे वर्णन पुण्याच्या मुळामुठेतल्या माशावरून केले. तो कमी होऊ लागला तेव्हा १९७०च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीने त्याची पैदास हाती घेतली. हेतू अत्यंत चांगला होता. तेथली बोटुकली दूरदूर पाठवली गेली; काही दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यात पोचली. कावेरीत तिचा स्वतःचा एक वशिंडाचा महसीर होता, जगात दुसरीकडे कोठे नसलेला. नवा पाहुणा तेथे फोफावला आणि जुना घरधनी दिसेनासा होत गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणेही होती. पण पाहुण्याचा वाटा अभ्यासकांनी स्पष्ट दाखवला आहे. २०१८ साली कावेरीतला तो महसीर अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत नोंदला गेला. मराठी नाव असलेला, मुळामुठेत वाढलेला, आपला मासा कावेरीत जाऊन आक्रमक झाला!

या एका उदाहरणाने पुष्कळ धुके निवळते. परकेपणा हा माशाच्या अंगातला गुण किंवा दोष नाही. ते एक नाते आहे, अमुक जिवाचे अमुक पाण्याशी असलेले. तोच मासा एका नदीत घरधनी असतो आणि दुसरीत घुसखोर. म्हणून 'देशी म्हणजे सज्जन, परका म्हणजे दुर्जन' ही भाषा माशाला लागू पडत नाही. माणसाला तर ती लावूच नये, कारण माणूस आपल्या पायांनी येतो, बोलतो, शिकतो, येथल्या रीती उचलतो आणि येथल्या मुलामाणसांत मिसळून जातो. बोटुकलीला यांतले काहीच करता येत नाही. माशांच्या शिरगणतीवरून माणसांना धडे देण्याची घाई कोणी करू नये, हे येथेच सांगून ठेवलेले बरे.

अजून एक अडचण राहिली, आणि ती सर्वांत खोल आहे. देशी मासे कमी का होतात, असे विचारले की परक्या माशांकडे बोट दाखवणे सोपे जाते. पण माकणीच्या पाण्यात सर्वांत मोठा परका कोण असेल तर ते साठलेले पाणीच. तेरणा पावसाळ्यात वाहणारी आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत शिल्लक राहणारी नदी. तिचे मासे त्या चालीला सरावलेले. कोणी खळाळत्या पाण्यात दगडाला धरून राहणारा, कोणी पहिल्या पुराबरोबर वर चढून ओढ्यानाल्यांत अंडी घालणारा. चढणीचे मासे हा शब्द आपल्या भाषेत आहे, तो काही उगाच नाही. मरळ आणि मांगूर तर वरची हवा घेऊ शकतात. डबके आटत आले, पाणी गढूळले, तरी ते तग धरतात. अवर्षणाच्या प्रदेशासाठीच जणू घडवलेले हे जीव. धरण झाले आणि वाहते पाणी थांबले. वाहत्या पाण्यातला मासा आपल्या जागेवरून हलला नाही. जागाच त्याच्या अंगाखालून निघून गेली.

या परिसरातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावे जमीनदोस्त केली; हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. वाचलेल्यांनी पुढे नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या नव्या वसाहतींत घरे मांडली. गावाचे नाव तेच, माणसे तीच, पण गल्ली तीच नाही, पार तोच नाही. आपल्याच गावात आपण नवखे आहोत असे वाटणे म्हणजे काय, हे त्या पिढीने अनुभवले आहे. धरणात राहिलेल्या नदीच्या माशाची अवस्था तशीच असते. रकाना देशी, घर मात्र उरलेले नाही.

येथवर आल्यावर एखादा वाचक म्हणेल, "मग हा सगळा भेदच खोटा. पाणी नवे, मासे नवे, देश-परदेश नावापुरते. जो टिकेल तो टिकेल. मोठा मासा लहान माशाला खातो हा सृष्टीचा नियमच आहे." हे म्हणणे जितके सोपे तितकेच चुकीचे आहे.

मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे, यालाच आपल्या पूर्वजांनी मात्स्यन्याय म्हटले. नदीत तो चालतो, आणि तेथे त्यात अन्याय काही नाही. शिवड्याने खवली खाल्ली तर ते त्याचे अन्न. हजारो वर्षांच्या सहवासात खवलीने पळायचे कसे, दडायचे कोठे आणि अंडी किती घालायची, हे साधून ठेवलेले असते. पण मी दूरचा एखादा मासा पिशवीत घालून आणतो आणि या पाण्यात सोडतो तेव्हा त्यापुढे जे घडते त्याला सृष्टीचा नियम म्हणण्याचा अधिकार मी गमावलेला असतो. दात माशाचे, पण हात माझा. कुत्रे चावले तर तो कुत्र्याचा स्वभाव. कुत्रे अंगावर सोडले तर तो माणसाचा अपराध. एवढा विवेक आपण गावात करतो, तो पाण्याच्या काठावर का सोडून द्यावा?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असे आहे की मात्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला आपला राजा केले. आणि याच वैवस्वत मनूची आणखी एक कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, ती आपल्या घराघरांत ठाऊक आहे. एक लहानसा मासा त्याला म्हणाला, मोठ्या माशांपासून मला वाचव. मनूने त्याला घागरीत ठेवले. मासा वाढला, घागर पुरेना. त्याला तळ्यात नेले. तळे पुरेना, गंगेत नेले. गंगाही पुरेना, शेवटी समुद्रात सोडले. पुढे प्रलय आला आणि त्या माशाने मनूची नाव तारली. या कथेतला चमत्कार आपण लक्षात ठेवतो आणि मनूचे कष्ट विसरतो. मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणारा तो पहिला माणूस, आणि त्याने एकदा उचललेला मासा मध्येच टाकून दिला नाही. घागर अपुरी पडली तेव्हा तो 'आता त्याचे तो बघेल' असे म्हणाला नाही. जो उचलतो त्याने वाढीची जबाबदारी घेतली पाहिजे, हा त्या कथेतला धर्म आहे.

आपण हा धर्म पाळला काय? चंदेरा मासा १९५९ साली जपानहून आपल्या देशात आला, तो शेततळ्यांसाठी. १९७१ साली हिमाचल प्रदेशात पुराने एका मत्स्यकेंद्रातून काही चंदेरे वाहून गोविंदसागर जलाशयात गेले. कोणी ठरवले नव्हते, कोणी परवानगी दिली नव्हती. काही वर्षांत त्या विशाल जलाशयात चंदेरा प्रमुख झाला आणि कटला मागे पडला. चिलापी १९५२ साली आणला गेला. अवघ्या सात वर्षांत, १९५९ साली, त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याची पाळी आली. बंदी कागदावर राहिली आणि मासा पाण्यात. आज भीमेवरच्या उजनीच्या जलाशयात चिलापी हे मासेमारांच्या रोजच्या बोलण्यातले नाव आहे. मूळ नाव तिलापिया. आपल्या माणसांनी ते जिभेला सोपे करून घेतले.

आणि या चिलापीला दुष्ट म्हणावे, तर त्याची आई अंडी आणि पिल्ले आपल्या तोंडात सांभाळते. संकट दिसले की पिल्ले धावत येऊन तिच्या जबड्यात शिरतात. या काळात ती धड खातही नाही. आपला मरळही असाच वत्सल. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर फिरत असतो आणि आईबाप खालून राखण करीत असतात. दोघेही उत्तम आईबाप. फरक एवढाच, की एकाच्या वात्सल्याला येथल्या पाण्याने मर्यादा घातलेल्या आहेत आणि दुसऱ्याच्या वात्सल्याला अजून कोणी मर्यादा घातलेली नाही.

म्हणून परका मासा आवरावा लागला, नष्टही करावा लागला, तरी तो द्वेषाने करू नये. आफ्रिकेतला मोठा मांसाहारी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी त्याची तळी रिकामी करून मासे पुरून टाकण्यात आले. ते आवश्यक होते असेच मी म्हणेन. परंतु त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून 'बरी खोड मोडली' असे म्हणणे माणसाला शोभत नाही. खोड माशाची नव्हती. आणि सगळेच परके आवरण्याजोगे असतात असेही नव्हे. गावोगाव हिवतापाचे कर्मचारी हौदांत आणि डबक्यांत गप्पी मासे सोडतात. तेही दूर अमेरिकेकडचे. घरात तापाने फणफणलेले मूल असताना बापाने गप्पीचा मुलूख विचारीत बसावे, असे कोण म्हणेल? तेथे एवढेच मागता येते की हौदातला मासा हौदात राहावा. उरलेले मासे कोणी सहज ओढ्यात ओतू नयेत.

आता सर्वांत अवघड हिशेब. धरणात कटला-रोहू सोडले म्हणून कित्येक घरांच्या चुली पेटतात. जलाशय मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. सभासद बीज सोडतात, राखण करतात, मोठा मासा धरून बाजाराला पाठवतात. ज्यांच्याकडे शेती नाही अशा भोई कुटुंबांचा तो आधार आहे. पाऊस दगा देतो, धरण तळ दाखवते आणि सोडलेले बीज वाया जाते, अशी वर्षेही या भागात येतात. २०१६ साली तर शेजारच्या लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा माणसांना जाऊन "तुमचा मासा परका, तो काढा" असे सांगणे हा निसर्गप्रेमाचा उर्मटपणा होईल. शहरात बसून नदीच्या शुद्धतेची चिंता करणाऱ्याने तिची किंमत दुसऱ्याच्या ताटातून वसूल करू नये.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजू आहे, आणि ती सहसा मांडली जात नाही. खवली, मुरे, लहान चंदेरी मासे यांना बाजारात भाव नाही. ओढ्याला पाणी आले की मजुराच्या पोराने पंचा धरून ते पकडावे आणि आईने अख्खेच कालवणात टाकावे, असे ते मासे. काट्यासकट खाल्ले जात, म्हणून त्यांतून मुलांच्या हाडांना चुनाही मिळे. त्यांना ठेका नव्हता, राखणदार नव्हता. मोठा मासा मालकीचा असतो. लहान मासा कोणाचाच नसल्यामुळे सगळ्यांचा होता. जेव्हा तो नाहीसा होतो तेव्हा संस्थेच्या वहीत तोटा दिसत नाही, सरकारी उत्पादनाच्या आकड्यांत तूट येत नाही. तूट येते ती ज्याची वहीच नाही अशा घरात. नफा एकाच्या पदरात आणि तोटा दुसऱ्याच्या, आणि दुसऱ्याला विचारलेलेच नाही, या व्यवहाराला प्रगती म्हणण्यापूर्वी माणसाने क्षणभर थांबावे.

येथे शिरगणतीचे खरे मोल कळते. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. तीसेक वर्षांत तो सरोवरभर झाला. युरोपला त्याची निर्यात सुरू झाली, पैसा आला. आणि त्या सरोवराखेरीज जगात कोठेही नसलेल्या लहान माशांच्या कित्येक जाती नाहीशा झाल्या. त्यांतल्या पुष्कळांना शास्त्रज्ञांनी अजून नावही दिले नव्हते. ज्यांना नाव नव्हते, त्यांचे सुतक कोण पाळणार? कोणाची नोंद नाही त्याचे नाहीसे होणे हे नाहीसे होणेच ठरत नाही. ऋण तर राहतेच, पण कर्जाचा कागद नसतो.

माकणीला किंवा कोणत्याही पाणथळावर माशांची यादी करणे म्हणजे देशी माशांना शाबासकी आणि परक्यांना शिक्षा वाटणे नव्हे. ही यादी माशांवर फिर्याद करण्यासाठी नसते. ती आपल्या स्वतःच्या कृत्यांची नोंद असते. पहिला रकाना आपल्याला जे फुकट मिळाले ते सांगतो आणि दुसरा रकाना आपण काय काय आणले ते सांगतो. रोहूसाठी तिसरा रकाना लागत असेल तर तोही आखावा. प्रामाणिक वहीला जागेची कमतरता नसते. आणि एवढे कळल्यावर करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्याही कोणाच्या पोटावर पाय न देता. चढणीच्या दिवसांत ओढ्यानाल्यांच्या तोंडाशी जाळी लावू नयेत. अगदी बारीक आसाची जाळी टाळावीत. नवे बीज आणताना ते कोठले, पुरात निसटले तर काय करील, हे आधी विचारावे. मरळासारख्या येथल्या माशाला बाजारात भाव आहेच. त्याची बोटुकली वाढवावी. फुगवट्याचा एखादा कोपरा, एखादा ओढा लहान माशांसाठी मोकळा राखावा. यांतले एकही काम असाध्य नाही. त्याला पैशापेक्षा लक्ष अधिक लागते.

सज्जन माणसाची एक जुनी व्याख्या आहे: ज्याला आपले देणे आठवते तो. ज्यांनी आपल्याला कर्ज दिले ते मागायला येतात, म्हणून ते देणे आठवावेच लागते. पण जो मुका आहे, पाण्याखाली आहे, ज्याचे नाव एखाद्या म्हाताऱ्या भोयालाच ठाऊक आहे, त्याचे देणे आठवायला कोणी भाग पाडीत नाही. ते आपणहून वहीत लिहावे लागते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या वह्या मांडून त्यांवर हळदकुंकू वाहतो. त्यांत घेणे लिहिण्याचा उत्साह सर्वांनाच असतो. देणेही तितक्याच स्वच्छ अक्षरांत लिहावे, म्हणून ती पूजा.